एका डेसिबलचा प्रश्न

होम थिएटर घ्यायला आलेल्या माणसाला स्वस्त आणि महाग यांतून निवडणं जड जात नाही. तो निवाडा खिसा परस्पर करून टाकतो. माणूस अडतो तो दोन सारख्या जोड्यांपाशी. दोन्ही बुकशेल्फ स्पीकर, दोन्हींत एक वूफर आणि एक ट्वीटर, किमतीत थोडाच फरक, दोन्ही नावाजलेल्या कंपन्यांच्या. पुण्यातल्या एका ऑडिओ दुकानाची डेमो रूम मी बरीच वर्षं सांभाळली आणि या कामाचं मर्म मला अशा अडलेल्या माणसांजवळ बसूनच कळलं. विक्री शेवटी होतेच. त्याआधी दोन्ही जोड्यांना सारखी संधी मिळेल अशी तुलना घडवून आणणं, हे मला माझं खरं काम वाटत आलं.

‘कान सांगतील ते घ्यायचं’ असं ठरवून बरेच जण येत. विचार चांगलाच आहे. पण कान हा साक्षीदार आहे. त्याला काय विचारलं आणि कुठे उभं करून विचारलं, यावर साक्ष बदलते.

त्या काळात आमच्याकडे दोन जोड्या सतत समोरासमोर यायच्या. एक केईएफची क्यू१५० आणि दुसरी एलॅकची डेब्यू बी६.२. केईएफ ही रेमंड कुक यांनी १९६१ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात सुरू केलेली कंपनी. ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवायची तिची यूनी-क्यू रचना १९८८ मध्ये आली. एलॅक जर्मनीतल्या कील शहरातली. तिची डेब्यू मालिका अँड्र्यू जोन्स यांनी रचली, आणि हे जोन्स त्याआधी केईएफमध्येही काम केलेले. म्हणजे दोन्ही खोक्यांमागची विद्या एकमेकींना ओळखणारी. क्यू१५० मध्ये ५.२५ इंची वूफर, बी६.२ मध्ये ६.५ इंची आणि ट्वीटर नेहमीसारखा त्याच्या वर. एकीचा पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, मागे, दुसरीचा पुढे. दोन्ही जोड्या मला मनापासून आवडत. म्हणूनच त्यांच्यातली तुलना मला सगळ्यात जास्त शिकवून गेली.

आधी आवाजाच्या पातळीचं सांगते, कारण बहुतेक तुलना इथेच बिघडतात. माहितीपत्रकात क्यू१५० ची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल आणि बी६.२ ची ८७ डेसिबल दिलेली आहे. स्पीकरला २.८३ व्होल्ट देऊन एक मीटरवर मोजलेला हा आकडा असतो. क्यू१५० आठ ओहमची, तेवढ्या व्होल्टला ती एक वॅट घेते. बी६.२ सहा ओहमची, ती १.३३ वॅट घेते. वॅटला वॅट लावून पाहिलं तर दोघी जवळपास बरोबरीत येतात. पण रिसीव्हरचं व्हॉल्यूमचं बटण ठरवतं ते व्होल्ट. बटणाला हात न लावता पहिलीवरून दुसरीवर गेलं की दुसरी एका डेसिबलनं मोठी वाजते.

एवढा फरक ‘आवाज वाढला’ म्हणून कानाला सहसा ओळखू येत नाही. तो ‘आवाज चांगला आहे’ म्हणून ओळखू येतो. बेल लॅबोरेटरीजमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं की, कानाची ग्रहणशक्ती सगळ्या सुरांना सारखी नसते आणि हळू आवाजात खालचे सूर सगळ्यात आधी हरवतात. पातळी किंचित वर गेली की ते परत येतात आणि आवाज भरलेला, जवळचा वाटू लागतो. ऐकणारा म्हणतो, ‘हिचा बेस जास्त चांगला आहे.’ त्यानं ऐकलेलं खरंच असतं. फक्त त्याचं श्रेय स्पीकरला जातं.

म्हणून मी आधी दोन्ही जोड्यांवर पिंक नॉइज लावायचे, पावसाच्या सरीसारखा तो एकसलग आवाज, आणि बसायच्या जागी मीटर धरून पातळी जुळवायचे. स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून व्होल्टही पाहून घ्यायचे. काही जण अधीर होत. ‘ताई, गाणं लावा ना!’ मी म्हणायचे, ‘पाच मिनिटं द्या काका, नाहीतर तुम्ही स्पीकर निवडण्याऐवजी व्हॉल्यूम निवडाल.’ पातळी जुळल्यावर जवळजवळ प्रत्येकाची चर्या बदलायची. मघाशी ठामपणे बोट दाखवणारा माणूस गप्प व्हायचा आणि म्हणायचा, ‘आता काही कळेना.’ मला ते वाक्य फार आवडायचं. खरं ऐकणं तिथून सुरू व्हायचं.

वॅटच्या आकड्यांनी भारलेल्या ग्राहकालाही हाच हिशेब समजावून सांगावा लागे. शक्ती दुप्पट केली की आवाज तीन डेसिबलनं वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट’ वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात. शंभर वॅट आणि एकशेवीस वॅट यांतला फरक म्हणजे जेमतेम पाऊण डेसिबल. त्यावर रात्र रात्र विचार करून आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा भार हलका करणं हा माझ्या कामातला एक आनंद होता.

दुसरी अडचण स्मरणाची. आवाजाच्या पोताची बारीक आठवण काही सेकंदांत विरायला लागते. एका दुकानात सकाळी ऐकलेला स्पीकर आणि दुसऱ्यात दुपारी ऐकलेला, यांची तुलना म्हणजे दोन आठवणींची तुलना. म्हणून मी अर्ध्या मिनिटाचाच तुकडा घ्यायचे, स्विचनं लगेच जोडी बदलायचे आणि तोच तुकडा पुन्हा लावायचे.

तिसरी अडचण डोळ्यांची. कॅलिफोर्नियात हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कंपनीच्याच चाळीस लोकांना तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर ऐकवले. दिसू लागताच मोठ्या, देखण्या, महाग स्पीकरांचे गुण वाढले आणि लहान, प्लॅस्टिकच्या, स्वस्त सिस्टीमचे घटले. रोज आवाजाशीच काम करणाऱ्यांचं हे झालं, मग हौसेनं आलेल्या माणसाचं काय सांगावं? मी स्पीकरांसमोर पातळ काळं कापड लावायचे. कुणाला ती परीक्षा वाटू नये म्हणून आधीच सांगायचे, ‘इथे तुमची परीक्षा नाही, स्पीकरांची आहे.’

कापड टांगलं, पातळी जुळली, की प्रश्न येतो, लावायचं काय? दुकानांत सर्रास स्फोट, गाड्यांच्या शर्यती, काचा फुटणं लावतात. त्यानं माणूस दिपतो, पण त्याला तुलना करता येत नाही. कारण खरा स्फोट कसा ऐकू येतो हे आपल्यातल्या कुणालाच नीट माहीत नसतं. माणसाचं बोलणं मात्र प्रत्येकाला माहीत असतं. आईचा आवाज फोनवर किंचित बसलेला असला तरी आपण ओळखतो. म्हणून माझी पहिली कसोटी बोलणं.

त्यामागे यंत्राचंही एक कारण आहे. अशा दोन युनिटांच्या स्पीकरमध्ये वूफरकडून ट्वीटरकडे काम सोपवलं जातं ते साधारण दोन ते तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान. क्यू१५० मध्ये २,५०० हर्ट्झला, बी६.२ मध्ये २,२०० ला. माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो याच टापूत आणि त्याच्या थोडं वर. ‘श’ चा जोर इथेच असतो, ‘स’ चा त्याहून वर, पाच हजारांच्या पुढे. सांधा नीट बसला नसेल तर ‘सासूबाई’ बोचरं वाटतं किंवा ‘शाळा’ तोंडावर रुमाल धरून म्हटल्यासारखं येतं. मराठी बातम्या, एखाद्या नाटकाचं ध्वनिमुद्रण आणि ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटातले न्यायालयातले प्रसंग मी नेहमी लावत असे. त्या प्रसंगांत कॅमेरा लांब स्थिर असतो आणि बरीच माणसं एकाच खोलीत बोलत असतात. स्पीकर चांगला असेल तर बोलणाराही कळतो आणि खोलीही कळते. त्यानंतर संगीत: तानपुरा, तबल्याच्या बायाचं घसरत जाणारं गुंजन आणि ‘सैराट’मधला अजय-अतुल यांचा मोठा वाद्यमेळ. पण आधी बोलणं.

एकदा एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील सत्तरीच्या पुढचे, शाळेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, ‘गाणी ऐकू येतात, पण सिनेमातलं बोलणं कळत नाही. आवाज वाढवला की ही सगळी कानावर हात ठेवतात.’ इतक्या नेमक्या शब्दांत अडचण मांडणारा ग्राहक क्वचित भेटतो. वय वाढतं तशी वरच्या सुरांची ग्रहणशक्ती आधी जाते. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, पण अर्थ बराचसा व्यंजनांत, आणि व्यंजनं वरच्या टापूत राहतात. म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार अगदी खरी असते. नुसता आवाज वाढवून ती जात नाही.

त्या दिवशी आम्ही फक्त बोलणं ऐकलं. मी त्यांना प्रत्येक तुकड्यानंतर शेवटचं वाक्य उच्चारायला सांगितलं. गुरुजींना ती रीत लगेच पटली. समोर मधोमध बसून त्यांनी दोन्ही जोड्यांवर जवळपास सारखीच वाक्यं बरोबर सांगितली. मग मी विचारलं, ‘घरी तुम्ही कुठे बसता?’ मुलीनं सांगितलं, ‘बाबा बाल्कनीच्या दाराशी, आरामखुर्चीत. आई दिवाणावर. मुलं खाली चटईवर लोळत असतात.’ मी त्यांना खोलीच्या कडेला, बुटक्या खुर्चीत बसवलं आणि तेच तुकडे पुन्हा लावले. इथे फरक पडला. ट्वीटर वूफरच्या वर असला की समोर, कानाच्या पातळीवर सगळं जुळतं. खूप खाली किंवा वर गेलं की दोघांचे आवाज कानापर्यंत कमी-जास्त वेळात पोहोचतात आणि नेमक्या सांध्यापाशी खड्डा पडतो. ट्वीटर मधोमध असलेल्या रचनेत हा त्रास बराच कमी. त्या घरासाठी क्यू१५० योग्य होती. सोफ्यावर एकाच रांगेत बसणाऱ्या कुटुंबाला मी तसं सांगितलं नसतं.

आपल्याकडची घरं ही स्पीकर बनवणाऱ्यांच्या मोजणीच्या खोलीसारखी नसतात. फरशी व्हिट्रीफाइड टाइल्सची, भिंती प्लास्टरच्या, एका बाजूला काचेचं सरकतं दार, समोर शोकेस, आणि वर पंखा. आमच्या डेमो रूममध्ये गालिचा आणि जाड पडदे होते. तिथे गोड वाटणारा ट्वीटर घरच्या टाइल्सवर आपटून कर्कश होऊ शकतो. म्हणून जमेल तिथे मी जोडी घरी नेऊन ऐकवायचा आग्रह धरायचे, आणि पंखा चालू ठेवूनच ऐका म्हणायचे. आपण सिनेमा पंख्याखाली पाहतो. हळू बोललेली वाक्यं त्या घरघरीतून वर यायला हवीत.

खालच्या सुरांत तर खोलीच मालकीण असते. साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली आपण ऐकतो त्यात स्पीकरइतकाच खोलीचा हात असतो. चौदा फूट लांबीच्या दिवाणखान्यात पहिली उभी लहर सुमारे ४० हर्ट्झला तयार होते, दहा फुटांच्या रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झला. माहितीपत्रकात एक जोडी ५१ हर्ट्झपर्यंत उतरते आणि दुसरी ४४ पर्यंत, यावर लोक वाद घालतात. खुर्ची दोन फूट पुढे सरकवली तर कधी कधी त्याहून मोठा फरक पडतो. भिंतीचंही तसंच. जवळची प्रत्येक भिंत खालच्या सुरांना सहा डेसिबलपर्यंत जोर देऊ शकते. ‘पुढे पोर्ट आहे, म्हणजे भिंतीला चिकटवलं तरी चालेल’ असं बरेच जण मानतात. मागच्या पोर्टला श्वास घ्यायला जागा लागते हे खरं. पण खालचे सूर खोक्याला वळसा घालून सगळीकडे पसरतात, त्यामुळे भिंतीचा जोर दोघींनाही मिळतो. शोकेसच्या कप्प्यात स्पीकर कोंबायचा असेल तर पोर्ट कुठेही असो, आवाज गुदमरणारच.

होम थिएटरमध्ये या वादाला एक चांगली वाटही असते. सबवूफर असेल तर रिसीव्हर साधारण ८० हर्ट्झच्या खालचं सगळं त्याच्याकडे वळवतो. ही सीमा थिएटरच्या आवाजासाठी १९८३ मध्ये सुरू झालेल्या टीएचएक्सनं घरांसाठी रूढ केली. एकदा ती लावली की ४४ आणि ५१ हा झगडा संपतो, कारण तो टापू दोघींकडे राहतच नाही. लहान वूफरवरचा भारही उतरतो. म्हणून माझा दुसरा प्रश्न ठरलेला असे, ‘सबवूफर आत्ता घेणार, पुढे घेणार की कधीच नाही?’ सिंहगड रस्त्याकडच्या एका जोडप्यानं सांगितलं, ‘खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, सब नकोच.’ त्यांचा हॉल मोठा, बसायची जागा एकच, समोरचा सोफा. त्यांना मी बी६.२ सुचवली, मोठा वूफर त्यांच्याकडे खऱ्या उपयोगाचा होता. दुकानात ऐकताना त्यांनीही गुरुजींसारखंच म्हटलं होतं, ‘दोन्ही सारख्याच वाटतात.’ स्पीकरांमधला फरक थोडाच होता. घरांमधला मोठा होता.

जोडी निवडतानाच सेंटर स्पीकरचा विचार करावा, हे मी फार आग्रहानं सांगायचे. सिनेमातलं बहुतेक बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. त्याचा स्वभाव डाव्या-उजव्याशी जुळला नाही तर पडद्यावर चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच बदलतो. आडव्या सेंटरमध्ये दोन वूफर शेजारी-शेजारी असतात. मधोमध बसलेल्याला छान वाटतं, कडेला बसलेल्याला काही सूर गळालेले ऐकू येतात. जागा असेल तर समोर तिन्ही ठिकाणी तोच बुकशेल्फ स्पीकर उभा ठेवणं उत्तम. टीव्हीखाली तेवढी उंची नसते म्हणून बहुतेकांना ते जमत नाही. मग त्याच मालिकेतला सेंटर घ्यावा, तोही शक्यतो वूफरच्याच मधोमध ट्वीटर असलेला.

कोकणातून येणाऱ्यांशी मी आणखी एका गोष्टीवर बोलायचे. वूफरच्या शंकूभोवतीची मऊ कड फोमची असेल तर दमट हवेत ती काही वर्षांत चिकट होऊन तुटते. रबराची कड कितीतरी जास्त टिकते. खोकं एमडीएफचं असतं, त्याच्या कापलेल्या कडेला ओल लागली की ते फुगतं. रत्नागिरीच्या घरात स्पीकर थेट फरशीवर ठेवू नये, पावसाळ्यात रोज थोडा वेळ वाजवावा आणि जाळीवर बुरशी दिसली तर कोरड्या मऊ ब्रशनं काढावी. जुळ्या वाटणाऱ्या दोन जोड्यांपैकी जिचे सुटे भाग आपल्या गावाजवळ मिळतात आणि जिची दुरुस्ती करणारा माणूस ओळखीचा आहे, ती दहा वर्षांच्या हिशेबात चांगली ठरते. हा मुद्दा ऐकण्याच्या खोलीत कधीच ऐकू येत नाही, म्हणून तो बोलून दाखवणं विक्रेत्याचं कर्तव्य आहे.

या कामानं मला माणसांच्या कानांबद्दल आदर शिकवला. ‘मला यातलं काही कळत नाही’ असं म्हणत आलेल्या आज्यांनी कापडाआडून अचूक सांगितलेलं मी ऐकलं आहे की, या बाईचा आवाज नाकातून येतोय. त्यांना हर्ट्झ माहीत नव्हते, माणूस माहीत होता. योग्य पातळी, लहान तुकडा, ओळखीचा आवाज आणि शांतपणे ऐकायला वेळ एवढं मिळालं की बहुतेक कान फार प्रामाणिक साक्ष देतात. ते मिळवून देणं दुकानाच्या हातात असतं. एका डेसिबलचा आधार घेऊन महाग जोडी खपवणं फार सोपं आहे, आणि ग्राहकाला ते कधीच कळत नाही. न कळणाऱ्या ठिकाणी सरळ वागणं, हेच मी या धंद्यातलं शील मानते.

म्हणून दोन सारख्या जोड्यांपुढे अडलेल्या प्रत्येकाला मी आजही हेच सांगते. दोन्हींची पातळी मोजून जुळवून घ्या आणि दुकानदार नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. बोलणं ऐका, ओळखीच्या भाषेतलं. घरात कोण कुठे बसतं, त्या उंचीवर आणि त्या कडेला बसून ऐका. सबवूफर आणि सेंटर आजच ठरवा, विकत पुढे घेतलात तरी चालेल. एवढं करूनही दोन्ही सारख्याच वाटल्या, तर जी जवळ दुरुस्त होते ती घ्या आणि तुलना तिथेच थांबवा. त्या क्षणी तुम्ही चुकू शकत नाही, कारण दोन्ही चांगल्या आहेत हे तुम्ही स्वतः सिद्ध केलेलं असतं. उरलेला वेळ सिनेमा पाहण्यात घालवावा. स्पीकर त्यासाठीच घेतलेले असतात.